पिनोले एकटाच आला

मुलेहेच्या अलीकडे, ५ ऑगस्ट १९७५

होविता, म्हातारे,

पोन्सियानोची बस सकाळी इथून जाते. रस्त्याच्या कडेला उभं राहून हात केला की थांबतो बिचारा. त्याच्याच हाती हे पत्र देतोय, उत्तर त्याच्याच हाती दे. मी निघालो तेव्हा तू दारातसुद्धा आली नाहीस. राहू दे. तुझा राग मला नवा नाही.

तंबू तोच आणलाय, हिरवा. नासारियोनं लहानपणी कंदील टेकवून पाडलेलं भोक, त्याच्यावर तू लावलेलं पिठाच्या पोत्याचं ठिगळ, सगळं तसंच आहे. दर उन्हाळ्यात आपण जिथे जिथे उतरायचो तिथे तिथे उतरत दक्षिणेला जायचं असं ठरवलंय. पिनोले पुढच्या सीटवर, तुझ्या जागी बसतो. तुझ्यापेक्षा कमी बोलतो, पण वास जास्त मारतो.

तुला पटत नाही म्हणून पुन्हा सांगतो. आपला पोरगा होडी घेऊन गेला, दुपारी वादळ आलं, होडी परतली नाही, हे सगळं खरं. पण कुत्रा परतला. दक्षिणेकडून, पायी, पंजे फुटलेले, गळ्यात तुटकी दोरी. नासारियोला सोडून हा कुत्रा कधी उंबऱ्याबाहेर गेलाय का? मग तो होडीत नव्हता तर कुठे होता? दोरीची गाठ नासारियोचीच आहे. मीच शिकवलेली गाठ, मला कळणार नाही? वादळात कुत्रा वाहून जाऊ नये म्हणून त्यानं बांधला असणार. आणि ज्या पाण्यातून कुत्रा बाहेर येतो त्या पाण्यातून माझा पोरगा येणार नाही? तो कुठेतरी किनाऱ्याला लागलाय. पाय मोडला असेल, ताप असेल. पिनोलेला जागा माहीत आहे, फक्त त्याला बोलता येत नाही.

माझ्यामागे प्रार्थना बसवू नकोस. जिवंत माणसासाठी मेलेल्याचा जप केला की आपणच त्याचं मरण घरात बोलावतो. माझी आई सांगायची, तुझीही सांगायची.

तुझा,
बासिलियो

·

सांता रोसालिया, ८ ऑगस्ट

बासिलियो,

दारात आले नाही कारण हात पिठात होते. आणि आले असते तर ट्रकपुढे आडवी पडले असते, मग सगळ्या गल्लीला फुकट तमाशा. म्हणून भट्टीपाशीच बसले.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तुला कुत्र्याचा. मी काय बोलणार? तू गेलास तेव्हा आठवडाभर पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं तुझ्या. आता निदान कुणावर तरी रागावतोस, कुणाशी तरी बोलतोस. कुत्र्याशी का होईना.

पण माझंही ऐक. दोन्या चोले रोज बेकरीत येते. पाव घेते आणि विचारते, 'होविता, क्रूसासाठी चुना भिजवू का?' रोज सांगते, नाही, नवरा नको म्हणतो. ती मान हलवते आणि जाते. चांगली बाई आहे, पण तिची ती मान मला दिवसभर दिसत राहते. तो जिवंत असेल तर तुझ्या शब्दाचं सोनं होवो. आणि नसेल तर? त्याच्या नावानं एक मेणबत्ती नाही, नऊ रात्रींचा जप नाही, चुन्याचा क्रूस नाही. पोर दारोदार भटकत असेल आणि त्याची आई इथे लोकांसाठी पाव भाजतेय. तुझ्या आईनं हे नाही सांगितलं तुला?

तू येईपर्यंत गप्प बसते. शब्द दिला. पण मी गप्प बसले की काय होतं ते तुला ठाऊक आहे.

पाव पाठवलेत. आज खा, उद्या दगड होतील. कुत्र्याच्या पायांकडे बघ, वाळू तव्यासारखी तापली असेल.

होविता

·

कोन्सेप्सियोनचा उपसागर, १३ ऑगस्ट

म्हातारे,

पाव पोचले. अर्धे मी खाल्ले, अर्धे तुझ्या जागी बसणाऱ्यानं. त्याच्या पायांचं म्हणालीस ना, जुनी ट्यूब कापून चार बूट शिवले. पहिल्यांदा घातले तेव्हा असा चालला जणू चिखलात पाय रुततायत. हसून हसून पोट दुखलं माझं. मग एकदम लाज वाटली आणि तंबूत जाऊन बसलो.

उकाडा असा आहे की सकाळी नऊनंतर तंबूत कुणी मनुष्यप्राणी राहू शकत नाही. झावळ्यांच्या छपराखाली ओला पंचा डोक्यावर घेऊन बसतो. पाणीसुद्धा कोमट, अंगावर घेतलं तरी घामच आल्यासारखं वाटतं. इथे सुट्टीला आलेली कुटुंबं आहेत, मेहिकालीची. पोरं दिवसभर पाण्यात. ज्या खडकाखाली आपण तिसऱ्या भाजायचो तिथेच त्यांची चूल आहे. त्यातल्या एका बाईनं काल मला तळलेला मासा आणून दिला. म्हणाली, 'एकटेच आलात सुट्टीला?'

मी म्हटलं, 'नाही, मुलगा मागून येतोय.'

तोंडातून सहज निघालं. ती म्हणाली, 'मग त्याच्यासाठीही ठेवते.' संध्याकाळी खरंच एक मासा झाकून ठेवलेला होता. तो मी खाल्ला नाही, पिनोलेलाही दिला नाही. सकाळी मुंग्या लागल्या होत्या.

आता खरं सांगायचं ते. काल दुपारी पिनोले गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला. तोंड दक्षिणेला. हाक मारली, पितायाचं फळ सोलून दाखवलं, तरी हलला नाही. तुला माहीत आहे, पितायासाठी तो मला विकून टाकेल, तोंड लाल करून घेतो नुसतं. आणि आज एका कोळ्यानं सांगितलं, लोरेतोच्या खाली मासेमारीच्या तळावर एक परका तरुण आलाय, फार बोलत नाही, काम चोख करतो. बघ. मी उद्याच तंबू आवरतो.

भूक लागायला लागली आहे मला, होविता. झोपही येते.

बासिलियो

·

सांता रोसालिया, १७ ऑगस्ट

बासिलियो,

पत्र मिळालं. तुला भूक लागते हे वाचून बरं वाटलं. ते वाक्य दोनदा वाचलं.

इथे विशेष काही नाही. भट्टीची एक वीट पडली होती, बसवून घेतली. दोन्या चोलेचे पाय सुजलेत.

त्या तळावर जातो आहेस तर जा. घाई करू नकोस. ट्रक उन्हात तापवू नकोस, दुपारी थांबत जा. आणखी थोडे दिवस राहिलास तरी चालेल. मी रागावणार नाही.

सोबत पाव, सुकं मांस आणि तुझा तो भोकाचा सदरा, शिवून पाठवलाय. त्या मासे देणाऱ्या बाईला माझे आभार सांग, पुन्हा दिसली तर.

आणि बासिलियो, कुत्र्याच्या गळ्यातली ती दोरी आता काढून टाक. उगीच गळा सोलत असेल.

तुझी,
होविता

·

लोरेतोच्या खाली, २४ ऑगस्ट

म्हातारे,

इतकं गोड पत्र तू लग्नाआधीही लिहिलं नव्हतंस. वाचलं आणि म्हटलं, चला, शेवटी हिलाही पटलं. आनंद आहे.

तो परका तरुण म्हणजे आपला नव्हे. ओआहाकाचा कुणी पोरगा निघाला, बायकोशी भांडून आलेला. बसवून कॉफी पाजली त्यानं. चांगला आहे. पण त्यानं काय होतंय, अजून किनारा पुष्कळ पडलाय. खाली ला पास आहे, त्याच्याही खाली गावं आहेत. वेळ लागेल.

तळाजवळच तंबू ठोकलाय. पाणी ही माणसं देतात, मी त्यांची जाळी शिवून देतो. हवा तीच. पिनोले बरा आहे, जरा कमी खातो. दोरी काढली.

एक विचारायचं होतं, काही खास नाही. पोरानं होडीवर नाव रंगवलं होतं ना, 'हट्टी बाई', तुला चिडवायला. तो पिवळा रंग आपल्या स्वयंपाकघराच्या दाराचाच उरलेला होता, की दुकानातून दुसरा आणला होता? सहज आठवलं म्हणून विचारलं.

काळजी करू नकोस. सगळं ठीक आहे.

बासिलियो

·

सांता रोसालिया, २ सप्टेंबर

बासिलियो,

आता पुरे.

स्वयंपाकघराचं ते दार तूच रंगवलंस. उरलेला डबा तूच पोराच्या हातात दिलास आणि म्हणालास, 'जा, आईचं नाव लिही.' ते तू विसरशील? असा प्रश्न माणूस तेव्हाच विचारतो, जेव्हा होडीची फळी त्याच्यासमोर पडलेली असते आणि दुसऱ्या कुणीतरी 'नाही, रंग दुसरा होता' म्हणावं असं त्याला वाटत असतं. मी तसं म्हणू शकत नाही. रंग दाराचाच होता.

कुठे सापडली ते विचारत नाही. तू माझ्यापासून लपवलीस, मला वाटलं त्याचा राग येईल. आला नाही. कारण मीही तेच करत होते.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी बेकरीत एक मुलगी आली. सान ब्रुनोची, कासिल्दा नावाची. पाव न घेता उभी. म्हटलं, 'बाई, रांग अडते, काय हवंय?' तर रडायलाच लागली. आपला पोरगा तिच्याकडे जायचा, बासिलियो. वर्षभर. तुला माहीत नाही, मला माहीत नाही, एका कुत्र्याला माहीत. त्या दिवशी सकाळी होडी तिच्या किनाऱ्याला लावली, कॉफी घेतली, आणि कुत्र्याला तिच्या छपराच्या खांबाला बांधून गेला. म्हणाला, 'आज शार्कसाठी लांब जायचंय, हा आमिष खाऊन टाकतो, संध्याकाळी घेऊन जातो.' वादळ आलं. तीन दिवस कुत्रा खांबापाशी ओरडत होता. मग दोरी तोडून पळाला. तिनं पुष्कळ शोधला. घरच्यांच्या भीतीनं कुणाला सांगता येईना.

म्हणजे गाठ त्याचीच होती. तेवढं तुझं बरोबर. पण पिनोले समुद्रातून आला नाही, म्हाताऱ्या. तो समुद्रात गेलाच नव्हता.

हे मला कळलं तेव्हा तुझं पत्र समोर होतं, भूक लागते म्हणून लिहिलेलं. मी काय करायला हवं होतं? तुझ्या ताटातली पोळी ओढून घ्यायची? म्हटलं, खाऊ दे त्याला आणखी थोडे दिवस.

दिलेला शब्दही मोडला. तुझ्या रंगाच्या प्रश्नाचं पत्र आलं त्याच संध्याकाळी दोन्या चोलेला म्हटलं, भिजवा चुना. पुढच्या खोलीत जमिनीवर क्रूस काढला, फुलं मांडली, नऊ रात्री जप झाला. सगळी गल्ली आली. कासिल्दाही आली, मी तिला माझ्या शेजारी बसवलं, बघू दे ज्याला बघायचंय त्याला. काल शेवटची रात्र. पाच जणांनी पाच तुकडे उचलायचे, तर डोकं दोन्या चोलेनं उचललं, दोन्ही हात पोन्सियानो आणि त्याच्या बायकोनं, पायाकडचा कासिल्दानं. काळजाचा तुकडा मी कुणाला हात लावू दिला नाही. तो बापाचा आहे.

चार तुकड्यांचा चुना डब्यात भरलाय. पाचवा जमिनीवरच आहे. मी त्याच्या कडेकडेनं चालते. तो उचलला जात नाही तोवर पोर इथेच अडकलाय, ना आपल्यात ना तिकडे. सगळा चुना एकत्र झाला की स्मशानात पुरायचा, तेवढीच आपल्याला त्याची कबर. ये आणि उचल.

होविता

·

तळावरून, ७ सप्टेंबर

होविता,

फळी मला नाही, पिनोलेला सापडली. तळाच्या पलीकडे शेवाळात. मी लांबून बघितलं, कुत्रा कशाला तरी चिकटून आडवा पडलाय आणि हाक मारली तरी उठत नाही. वाटलं मेलेला डॉल्फिन असेल. जवळ गेलो तर दाराचा पिवळा रंग. नुसतं 'हट्टी' एवढंच. 'बाई' समुद्राकडे राहिलं. मग मीही तिथेच बसलो. ओआहाकाच्या पोरानं संध्याकाळी येऊन दोघांना उठवलं.

ते लिहायला हात धजेना. वाटलं, हिला आता कुठे पटायला लागलंय.

कासिल्दाची गोष्ट दुपारभर वाचत होतो. मी कुत्र्याच्या मागे सगळा किनारा पालथा घातला आणि कुत्र्याला माझ्याहून जास्त काही माहीत नव्हतं. तो आपला माझ्या मागे येत होता. आम्ही दोघं एकमेकांच्या भरवशावर निघालो होतो. त्याच्यावर राग नाही. बूट घालून चालला माझ्यासाठी.

मी येत नाही, होविता. रागानं नाही. काळजाचा तुकडा उचलायला मला हात कुठून आणू? तो उचलला की संपलं. घरी आलो की बेकरीत, चौकात, चर्चच्या दारात प्रत्येक जण माझ्याकडे बघून मान हलवणार. इथे मला कुणी ओळखत नाही. परवा सुट्टीवरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, एकटेच का. मी सांगितलं, मुलगा मागून येतोय. त्यानं नुसतं 'बरं' म्हटलं. तेवढं एक वाक्य बोलता येतं इथे. तिथे कुणाला बोलू?

तुकडा राहू दे जमिनीवर. कडेकडेनं चाल.

पिनोलेला पोन्सियानोबरोबर पाठवतोय. हा उन्हाळा त्याला सोसत नाही, खाणं टाकलंय, दिवसभर फळीपाशी पडून असतो. माझ्या हट्टापायी त्यानं मरू नये. त्याला पावाचा मऊ भाग दुधात भिजवून दे. फळी मी ठेवून घेतो.

माझी वाट बघू नकोस.

बासिलियो

·

सांता रोसालिया, ११ सप्टेंबर

बासिलियो,

बस आली तेव्हा मी कपडे बदलून, केस विंचरून उभी होते. पोन्सियानोनं लांबूनच हॉर्न वाजवला, मला वाटलं, तू आलास म्हणून. दार उघडलं. सगळे उतरले. शेवटी पिनोले उतरला, एकटाच.

हे दृश्य मी एकदा बघितलं होतं. तो कुत्रा गल्लीच्या टोकाकडून एकटा चालत येताना. तेव्हाही मी त्याच्या मागे बघितलं होतं, कुणी येतंय का म्हणून. काहीही पाठवायचं होतंस, म्हाताऱ्या. फळी पाठवायची होतीस. हे नको होतं.

तुझं पत्र तिथेच उभ्यानं वाचलं. पोन्सियानो म्हणाला, 'बाई, बसा जरा.' बसले नाही. कुत्र्याला घेऊन घरी आले. दूध-पाव दिला, त्यानं हुंगून सोडला. घरभर फिरला. नासारियोच्या खाटेखाली, परसात, होडीची वल्ही असायची त्या कोपऱ्यात. मी मागच्या दारी लाकडं आणायला गेले, परत येते तर तो पुढच्या खोलीत, बरोबर चुन्यावर आडवा. काळजाच्या तुकड्यावर. तुझ्या फळीपाशी पडायचा म्हणतोस ना, तसाच.

हाकलायला हातातलं लाकूड उगारलं, मग खाली ठेवलं. म्हटलं, पड बाबा. तुझाही होता तो.

आज सकाळी उठला तेव्हा जमीन साफ होती. सगळा चुना त्याच्या पोटाला, छातीला, दमट हवेनं आणि लाळेनं घट्ट बसलेला. दोन्या चोलेला बोलावलं. तिनं कुत्र्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि या वेळी मान हलवली नाही. म्हणाली, 'उचलला की यानं.'

तर झालं, बासिलियो. तुला हात आणायची गरज उरली नाही. क्रूस उचलला गेला. पोरगा गेला. आता तुला इथे यायला अडचण नाही, आणि माझं तुला बोलवायचं कारणही संपलं. ते वाक्य तिथे बोलत बसायचं असेल तर बस. मला ते एकदाही बोलायला मिळालं नाही, मी रोज सगळ्यांना खरं तेच सांगितलं.

चुना मात्र पुरायचा राहिलाय. चार तुकडे डब्यात आहेत आणि पाचवा पिनोलेच्या अंगावर. तो झाडून डब्यात घालायचा आणि स्मशानात न्यायचा, एवढंच काम आहे, पाच मिनिटांचं. मी दोनदा ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला. तो अंग झटकतो तेव्हा थोडा थोडा पडतो. मी चादर अंथरून त्याला तिच्यावर बसवलंय, समुद्राकडे जाऊ देत नाही, उन्हात जाऊ देत नाही.

पोन्सियानो शनिवारी तुझ्या तळापाशी थांबेल. येणार असलास तर तेव्हाच ये. कुत्र्याला मी अजून आंघोळ घातलेली नाही.

होविता